चारशे सतरा डिझाइनं आणि बनूबाई

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेनड्राइव्ह कॉम्प्युटरच्या खाचेत जाईना. अर्धा जायचा आणि अडायचा. मी तो काढला, फुंकर मारली, शर्टाला पुसला, उलटा करून पाहिला, पुन्हा घातला. पुन्हा अर्ध्यावरच.

"जोर लावा की, भाऊ," खालून आवाज आला. "नुसती पेज पिऊन आलाव का घरून?"

खिडकीखाली गोणपाटावर बनूबाई बसलेल्या होत्या. मांडीवर कापडाचा ढीग, उजव्या हातात छोटी कात्री.  मला अशा वेळी उत्तर सुचत नाही. सुचतं ते संध्याकाळी, घरी गेल्यावर.

उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आमचा एम्ब्रॉयडरीचा कारखाना. दोन मोठी मशीनं. एकेका मशीनला बारा हेड, म्हणजे बारा कापडांवर एकाच वेळी एकच नक्षी उमटते. नक्षी मशीनच्या पोटात नसते, ती पेनड्राइव्हमधून द्यावी लागते. आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यातून स्टोअर कीपर म्हणून निवृत्त झाल्यावर मी इथे लागलो. कॉम्प्युटरवरचं डिझाइन पेनड्राइव्हमध्ये घालायचं आणि मशीनवरच्या ऑपरेटरच्या हातात द्यायचं, एवढंच माझं काम. त्यातलं मला फार कळतं असं नाही. ठरलेल्या जागी ठरलेलं बोट ठेवायचं, इतकं जमत होतं.

बनूबाईंचं काम त्याहून साधं. मशीन एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे जाताना मध्ये धाग्याची एक लांब उडी टाकतं. कापड उतरलं की त्या उड्या हाताने कापाव्या लागतात. एका घागऱ्यावर तीनतीनशे उड्या असतात. कात्री जरा खोल गेली तर नक्षी उसवते, वर राहिली तर धाग्याची शेपटी दिसते. बनूबाई हे काम अकरा वर्षं करत होत्या. बाई मूळच्या मोरिवलीच्या. सासऱ्यांची जमीन एमआयडीसीत गेली, नवरा ज्या कंपनीत लागला ती बंद पडली, आणि मग त्या सकाळी भाकऱ्या थापून शेअर रिक्षाने कॅम्पात यायला लागल्या. वय अठ्ठावन्न. ठेंगण्या, काटक. इंग्रजीचं अक्षर येत नाही, मराठीची सही येते. जिभेला मात्र कात्रीपेक्षा जास्त धार.

तेव्हा त्या एकट्याच उरल्या होत्या. श्रावणात नवीन मशीन आलं. त्याला आतच छोटं पातं आहे, ते उड्या आपोआप कापतं. धागे कापणाऱ्या तिघींपैकी दोघींना तेव्हाच नको म्हणून सांगितलं. जुन्या मशीनचं थोडं काम शिल्लक होतं म्हणून बनूबाईंना दिवाळीपर्यंत ठेवलं होतं. हे त्यांनी घरी सांगितलेलं नव्हतं. नात प्रगती बदलापूरला नर्सिंग शिकते, तिची फी या कात्रीवर चालत होती. मला हे ठाऊक होतं, कारण डबा खाताना त्यांनीच एकदा सांगितलं होतं, आणि मग म्हणाल्या होत्या, "तुमाला सांगलं म्हंजे भिंतीला सांगलं. बाहेर जानार नाय."

तर पेनड्राइव्ह अर्ध्यावर अडला. बनूबाई उठल्या, मोबाइलची बॅटरी लावली आणि खाचेत डोकावल्या. मग पदराला खोचलेली मशीनची सुई काढून अलगद आत घातली.

"भाऊ, तांदूल हाय आत."

मी हसलो. मला वाटलं, नेहमीसारखी गंमत. त्यांनी सुईच्या टोकाने तो बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. खरोखरच तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल झालेला.

आदल्या दिवशी दसऱ्याची पूजा झाली होती. आमच्या मालकीण हिमानी मॅडम. सिंधी आहेत, वडिलांमागे कारखाना त्याच चालवतात. दसरा मात्र त्या आम्हा सगळ्यांपेक्षा जोरात करतात. दोन्ही मशीनांना झेंडूचे हार, कॉम्प्युटरला हळदकुंकू, कात्र्यांना हळदकुंकू. पेनड्राइव्हसुद्धा ताटात, कारण त्याच्याशिवाय मशीन हलत नाही. शेवटी मूठभर अक्षता सगळ्यांवर. कॉम्प्युटरच्या खाचा पुढच्या बाजूला उघड्याच असतात, तिकडे कोण बघतं? पूजा झाल्यावर मुहूर्ताचं नवं डिझाइन म्हणून मीच तो पेनड्राइव्ह त्या खाचेत घातला होता. जरा सैल लागला, हललासुद्धा. मशीनवर आमचा ऑपरेटर अक्षय ताटकळला होता, म्हणून काम अर्ध्यावर असतानाच मी तो ओढून काढला. ते डिझाइन मशीनने घेतलं नाही. सणाचा दिवस आहे, उद्या बघू, म्हणून आम्ही पेढे खाऊन घरी गेलो.

आता दाणा निघाला. पेनड्राइव्ह आत गेला. कॉम्प्युटरने नेहमीचा आवाज केला. माझ्या जिवात जीव आला. पण ड्राइव्ह उघडेना, पडद्यावर एक पाटी आली. दुसऱ्या खाचेत घातला, तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तेच. मॅडमचा लॅपटॉप टेबलावर होता, त्यात घातला. तिथेही तीच पाटी आली: हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का?

"काका, डिझाइन!" अक्षय मशीनवरून ओरडला. "पार्टीचा फोन येतोय!"

नवा पेनड्राइव्ह आणला की दुकानदार हेच करून देतो, हे मी पाहिलं होतं. पाटी येते, तो हो म्हणतो, ड्राइव्ह चालू होतो. मीही हो म्हटलं. एक हिरवी पट्टी सरकली. तीन सेकंदसुद्धा लागले नसतील.

ड्राइव्ह उघडला. आत काही नव्हतं.

  त्या पेनड्राइव्हमध्ये कारखान्याची सगळी डिझाइनं होती. सगळी म्हणजे सगळी. जूनमध्ये जुन्या कॉम्प्युटरची डिस्क गेली, तेव्हा जे काही वाचलं ते या एकाच ड्राइव्हवर होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, "अंकल, नव्या कॉम्प्युटरमध्ये पण कॉपी घालून ठेवा हां." मी म्हटलं होतं, उद्या घालतो. चार महिने मी उद्या घालत होतो.

"उघडला?" बनूबाईंनी विचारलं.

"उघडला."

"मंग तोंड असा का झालाय तुमचा?"

मी सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. बनूबाईंनी एकदा अक्षयकडे पाहिलं. तो पाठमोरा होता.

"आधी तो भायेर काढा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता त्याच्यात कायपन घालू नुका. येक अक्षर नाय. प्रगतीच्या मोबाइलचं कार्ड असंच झालेलं, तवा दुकानवाला बोलला, वरून काय टाकलं नाय तर खालचं निगतं. टाकलं का गेलं."

मी काढला.  त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, रुमालाच्या कोपऱ्यात बांधला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. शेजारी तो लाल दाणा ठेवला.

मॅडम अकराला आल्या. मी उभा राहिलो आणि फक्त एवढंच म्हणालो, "पेनड्राइव्ह उघडत नाही."

 बनूबाई गोणपाटावरून म्हणाल्या, "तुमचाच परसाद हाय, मॅडम. त्या खाचेत घुसला होता."

हिमानी मॅडमनी दाणा पाहिला आणि मटकन खुर्चीत बसल्या. "हे भगवान. अक्षता मैंने डाली थी." त्यांचा चेहरा उतरला. "माझ्याच हाताने. पप्पांचा कारखाना, आणि मीच..."

खरं सांगण्याची वेळ तीच होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. बनूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून धागे कापायला लागल्या.

कॅम्पातच एक जण गेलेली माहिती काढून देतो. त्याने आठवडा घेतला. आठवडाभर कारखाना जवळजवळ बंद. अक्षय मशीनला तेल देत बसायचा.  शेवटी निरोप आला की सगळं निघालं. मॅडमनी त्या दिवशी सगळ्यांना समोसे खाऊ घातले. मी नव्या कॉम्प्युटरवर यादी उघडली आणि समोसा हातातच राहिला.

चारशे सतरा डिझाइनं होती. एकालाही नाव नव्हतं. एक, दोन, तीन, चार असे नुसते आकडे.

यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. चित्र दिसतं की! पण आमच्या धंद्यात चित्र दिसून भागत नाही. मोराची एकच किनार असते, पण मखमलीसाठी तिचे टाके वेगळे, नेटसाठी वेगळे, सुतीसाठी वेगळे. कुठे टाके दाट, कुठे विरळ. एकाच मोराच्या सहा फायली, पडद्यावर सहाही सारख्या. नेटची फाइल मखमलीवर लावली तर टाके लवेत बुडतात, आणि सुतीची लावली तर सुई कापड चावून फाडते. कुठली कशाची, हे फक्त नावात होतं. ही डिझाइनं करून देणारे निरनिराळे लोक. एक सुरतला गेला, एक वारला, बाकीच्यांनी जुनं काही ठेवलं नव्हतं. दिवाळीनंतर लग्नसराई, आणि मखमलीच्या घागऱ्यांची ऑर्डर डोक्यावर.

मॅडम एकेक चित्र पाहत होत्या. "अंकल, यह वाला नेट का है क्या?" मी काय सांगणार? अक्षय पाच वर्षं मशीनवर होता. तो म्हणाला, "मॅडम, नंबर बोललात तर सांगतो. अपने को शकल से नहीं पता."

बनूबाई डबा धुऊन येत होत्या. येता येता पडद्यासमोर थांबल्या, डोळे बारीक केले.

"ह्या उलटा करा."

"काय?"

"चित्र उलटा करा, भाऊ. आरशात दिसतं तसा."

मला ते बटण शोधायला वेळ लागला. चित्र फिरलं. मोराची मान डावीकडून उजवीकडे गेली. बनूबाई जवळ आल्या, पण मोराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. फुलांच्या मधल्या तुटक रेघांवर, उड्यांवर, त्यांचं बोट फिरलं.

"पिसाच्या टोकावरून खाली चोचीला उडी. मंग दोन बारीक, येकदम जवल. ही बोटं कापनारी. इथं कात्री तिरकी धराला लागते, नायतर रगत. नेटवरची हाय ही. मागच्या माघात केलेली, गुलाबी."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली.

"दुसरा दाखवा."

दुसरा दाखवला. पडद्यावर तंतोतंत तोच मोर.

"हा सुतीचा. ह्याच्यात चोचीला उडी नाय. घसरत जातंय. हा गरीब मोर हाय, तरास देत नाय."

मॅडमनी कपाटातून एक जुना सुती दुपट्टा काढला, त्याच मोराचा. अक्षयने मागची बाजू भिंगाखाली धरून टाके मोजले, मी पडद्यावरचे मोजले. जुळले. अक्षय म्हणाला, "आयला!" आणि मग मॅडमकडे बघून गप्प झाला.

अकरा वर्षं बनूबाईंच्या मांडीवर कापड उलटंच यायचं. उड्या मागूनच कापतात. आम्ही ज्याला नक्षी म्हणतो ती त्यांनी क्वचितच पाहिली असेल. आमच्या कारखान्यात मोर, कैऱ्या, वेली, हत्ती अशी चारशे सतरा डिझाइनं होती. त्यांच्यासाठी ती चारशे सतरा वाटा होत्या, आणि प्रत्येक वाटेवर कात्री कुठे अडते ते त्यांच्या बोटांना माहीत होतं. मी त्यांच्यापासून सहा फुटांवर नऊ वर्षं बसलो होतो.

आठ दिवस आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. मी चित्र उलटं करायचो, त्या सांगायच्या, मी नाव लिहायचो. त्यांची नावं वेगळीच होती. एक सासूबाई, कारण तिच्यात प्रत्येक गोष्टीला गाठ होती. एक भाऊबंद, कारण सगळे धागे एकमेकांत अडकलेले. एक सरळ वेल होती, तिला त्या म्हणाल्या, "हे तुमी."

"मी?"

"येका जागी सुरू होतं, येका जागी संपतं, मधे कुठं उडी नाय. कापाला काय लागतच नाय."

मी लिहिलं: मखमल, सरळ वेल, लहान. मग बराच वेळ पुढचं चित्र लावायचं विसरलो.

मधूनच त्या अडायच्या. मान हलवायच्या. "ही नाय आठवत. राहू दे बाजूला." अशी बाजूला ठेवलेली आठव्या दिवशी अडतीस भरली. बाकी तीनशे एकोणऐंशींना नावं मिळाली. मी त्या प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती केल्या. एक कॉम्प्युटरवर, एक मॅडमच्या लॅपटॉपमध्ये. त्याच दिवशी केल्या, उद्यावर टाकल्या नाहीत.

दिवाळीला चार दिवस होते. दिवाळीच्या सुट्टीसाठी कारखाना बंद होण्याचा दिवस. मॅडमनी बनूबाईंना टेबलापाशी बोलावलं, मिठाईचा डबा दिला, वर एक चांगली साडी दिली.

"बनूबाई, तुम्ही कारखाना वाचवला. सच्ची. पण तुम्हाला तर माहीत आहे, जुनी मशीन आता कोणी चालवत नाही. ऑपरेटरच नाही. धाग्याचं काम संपलं. मी श्रावणातच बोलले होते."

मला वाटलं, मी ऐकण्यात चूक केली. आठ दिवस ज्या बाईने पडद्यावर बोट ठेवून ठेवून कारखाना परत उभा केला, तिलाच हे? मग उमगलं, की आता सगळी नावं कॉम्प्युटरमध्ये होती. मीच लिहिली होती. माझ्याच शुद्ध भाषेत.

बनूबाईंनी डबा घेतला, साडी घेतली, मॅडमना आशीर्वाद दिला. पदराची सुई काढून अक्षयकडे दिली. "घे रे. तांदूल निगाले तर काढ." जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरची पेनं एका ओळीत लावत होतो.

भाऊबीजेनंतर मशीनं सुरू झाली. पहिलीच ऑर्डर मखमलीच्या घागऱ्यांची. व्यापाऱ्याने मागितलेलं मोठ्या कैरीचं डिझाइन यादीत शोधलं तर त्याच्या नेटच्या आणि सुतीच्या फायली होत्या, मखमलीची नव्हती. ती बाजूच्या अडतिसांत असणार, हे उघड होतं. त्या अडतिसांत मोठी कैरी पाच वेळा होती. मी आणि अक्षयने पाचही उलटी करून पाहिली, उड्या मोजल्या. आम्हाला काहीच कळलं नाही. अक्षयने अंदाजाने एक लावली. चाळिसाव्या टाक्याला पहिल्या हेडखालून कर्र असा आवाज आला. मग दुसऱ्या. अक्षयने मशीन थांबवलं तोवर बाराच्या बारा मखमलींना भोकं पडली होती.

मॅडमनी फाटलेली मखमल हातात घेतली. रागावल्या नाहीत. तेच जास्त वाईट वाटलं. "अंकल, बनूबाईंना फोन करा."

त्यांनी फोन उचलला नाही. दुपारी मी रिक्षाने मोरिवलीला गेलो. घराला लागून एका कंपनीची उंच भिंत, भिंतीच्या अलीकडे उरलेला शेताचा पट्टा. अंगणात भात वाळत घातलं होतं. बनूबाई पायाने ते वरखाली करत होत्या.

"या भाऊ. दिवालीचा फराल संपल्यावर बरं आलाव."

मी ओटीवर बसलो. पाणी आलं. मखमल फाटली ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. पाय थांबला नाही.

"किती गेली?"

"बारा."

"कैरी ना मोठी? सातशे उड्यावाली?"

"तुम्हाला ती..." मी म्हटलं.  "तुम्ही म्हणालात आठवत नाही."

"तिला कोन विसरेल? अंगठ्याला अजून घट्टा हाय तिचा." त्यांनी अंगठा दाखवला. "अडतीसच्या अडतीस आठवतात, भाऊ. मोजून सोडल्या मी. रोज जास्त चालनाऱ्या बघून."

 एवढ्या दिवसांत त्यांच्या तोंडावर काही दिसलं नव्हतं. प्रत्येक वेळी त्यांनी तेवढीच मान हलवली होती.

"पण का, बनूबाई? मॅडमचं किती नुकसान झालं..."

त्यांचा पाय थांबला.

"फॉरमॅट कोनी केला ते मी बोलली का कोनाला? तीन हप्ते झाले. मॅडम माझ्यासमोर देवाला हात जोडत व्हत्या, तरी बोलली नाय. मना वाटलं, भाऊ गरीब मानूस, आपन झाकू. आनि मॅडमनी मना मिठाई दिली तवा तुमी काय केलाव? पेनं लावलाव." त्या पुन्हा भात ओढायला लागल्या. "तुमी येक शब्द बोलला असता, मी तिथंच बसून अडतीस सांगल्या असत्या."

भिंतीपलीकडे कंपनीचा भोंगा झाला. मी ग्लास खाली ठेवला. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि उठवलंही नाही. शेवटी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

"धागा नाय कापाचा आता मना. ती जुनी मशीन रिकामी हाय ना? अक्षयने मना दोनदा शिकवली, तुमी जेवाला गेल्यावर. ती चालवीन मी. घरी प्रगतीला अजून सांगलेलं नाय मी, का आजी घरी बसली म्हनून. तिला वाटतंय सुट्टी हाय."

मी परत कॅम्पात आलो तेव्हा पाच वाजले होते. मॅडम कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या. मी समोर उभा राहिलो. त्यांनी हाताने बसा म्हटलं, मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

त्यांनी फोन ठेवला. मी म्हणालो, "मॅडम, तांदळाने सगळं गेलं नव्हतं. फॉरमॅट मी केलं होतं. पाटी आली, मी हो म्हटलं. बनूबाईंना माहीत होतं."

मॅडम खुर्चीतून उठल्या.

"अंकल," त्या म्हणाल्या, "मी लक्ष्मीपूजनाला अक्षता टाकल्या नाहीत. डर के मारे. मम्मी विचारते, बेटा अक्षता का नाही टाकत? मी काय सांगू तिला?" आवाज चढला होता. "तीन आठवडे मी मंदिरात माफी मागतेय. तुमच्या बटणाची!"

अक्षयने मशीन बंद केलं. तो हसू दाबतोय हे मला पाठीमागून कळत होतं. मला हसू येत नव्हतं.

"आणि बनूबाई येतील," मी घाईने म्हणालो, कारण थांबलो असतो तर राहूनच गेलं असतं. "पण धागा कापायला नाही. जुन्या मशीनवर. ऑपरेटर म्हणून. त्यांना चालवता येतं."

"आणि ती अडतीस? त्यांना याद आहे?"

अक्षयही कान देऊन होता. मी म्हणालो, "मशीनवर बसल्या की आठवतील."

हिमानी मॅडम व्यापाऱ्याची लेक. त्यांनी माझं वाक्य मनातल्या मनात एकदा उलटसुलट केलं असणार, तेवढा वेळ गेला. मग फाटलेली मखमल त्यांनी टेबलावरून उचलली, नीट घडी घातली आणि कपाटात ठेवली.

"अंकल," त्या म्हणाल्या, "ही बाई माझ्या पप्पांना भेटली असती तर पप्पांनी हिला पार्टनर केलं असतं. उद्या बोलवा."

दुसऱ्या दिवशी बनूबाई आल्या. दिवाळीत मिळालेली साडी नेसून. स्टूल उंच होतं, पाय खाली टेकेनात, म्हणून अक्षयने धाग्याच्या खोक्यांची चळत पायाखाली लावून दिली. मी कॉम्प्युटरवर अडतिसांतलं पहिलं चित्र उलटं लावलं.

"मखमल. लहान बुट्टी," त्यांनी मान न वळवताच सांगितलं. "पुढची."

मी लिहिलं. पुढची लावली. तीही सांगितली. मग तिसरी, चौथी. दहावी झाली तेव्हा मी घाबरलो. एवढ्या वेगाने सगळी सांगून टाकली, आणि उद्या मॅडमनी पुन्हा मिठाईचा डबा काढला तर? मॅडम त्यांच्या टेबलावरच होत्या. मी पडद्याकडे तोंड करून अगदी हळू म्हणालो, "बनूबाई, थोडी ठेवा ना."

त्यांनी जुन्या मशीनचं हिरवं बटण दाबलं. बारा सुया एकदम खाली आल्या.

"कशाला?" त्या मशीनच्या आवाजावर ओरडल्या, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा. "आता मी हितं बसली ना! लिवा तुमी. अठ्ठावीस राहिल्या."